आडवी बाटली करावी की करू नये? आमच्या गावातील देशी दारूच्या दुकानाविषयी

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी सावली तालुक्यातील एका धानपट्ट्यातल्या गावात शिक्षक आहे. आमच्या गावात देशी दारूचे एक परवानाधारक दुकान आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली तेव्हा ते बंद झाले, आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बंदी उठवल्यावर त्याच पावसाळ्यात पुन्हा उघडले. आता बचत गटांच्या महिलांनी ते बंद करण्यासाठी, म्हणजे महिलांच्या मतदानाने 'बाटली आडवी' करण्यासाठी, सह्या गोळा करायला घेतल्या आहेत. निवेदनाचा मसुदा मी लिहून द्यावा असा त्यांचा आग्रह आहे.

मसुदा मी लिहीनच, पण त्याआधी काही गोष्टी मांडून इथल्या जाणकारांचे मत घ्यावे असे वाटते. बंदीच्या काळात दुकानाचे शटर पडले, तरी दारू गावाबाहेर गेली नाही. ती एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत गेली, नाल्यापलीकडच्या झुडपात गेली आणि मोटारसायकलच्या डिकीतून घरपोच येऊ लागली. पव्वा दुपटीने महागला. दहावीला नापास झालेली आमचीच मुले ने-आण करू लागली, आणि ज्यांच्या बापाकडे सायकल नव्हती त्यांच्या हाती महागडे मोबाइल दिसू लागले. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की, त्याच काळात शाळेपासून बसथांब्यापर्यंतच्या रस्त्यावर भरदिवसा पडलेला माणूस दिसत नसे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या मारामाऱ्या कमी झाल्या होत्या, आणि सायंकाळी मुली शिकवणीला एकट्या जात असत. आज दुकान शाळेच्या वाटेवरच आहे. वैनगंगेच्या पुलापलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथे १९९३ पासून बंदी. त्यामुळे पलीकडची गिऱ्हाइकेही आमच्याच गावात येतात.

दोन्ही बाजू डोळ्यांसमोर असल्यामुळे घोषणा नकोत. अनुभव आणि कायद्याची नेमकी माहिती असणाऱ्यांनी लिहावे.

पुण्यातला_ब्रह्मपुरीकर

गुरुजी, आपण जे वर्णन केले आहे त्यातच उत्तर आहे. बंदीने दारू संपली नाही, तिचा व्यापार फक्त परवाना असलेल्याच्या हातून परवाना नसलेल्याच्या हाती गेला. अमेरिकेने घटनादुरुस्ती करून १९२० पासून बंदी आणली आणि १९३३ मध्ये दुसरी घटनादुरुस्ती करून ती मागे घेतली. मधल्या तेरा वर्षांत गुन्हेगारी टोळ्या गब्बर झाल्या. बिहारने एप्रिल २०१६ मध्ये संपूर्ण बंदी केली. तिथे तुरुंग भरले, न्यायालयांत जामीन अर्जांचे ढीग साचले, आणि अखेर २०२२ मध्ये कायदा बदलून पहिल्यांदा पकडलेल्या पिणाऱ्याला दंडावर सोडण्याची सोय करावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने माणसे मेली. गुजरातमध्ये राज्य स्थापन झाल्यापासून बंदी आहे, तरी जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात तेच घडले.

सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाने काय प्यावे हे ग्रामसभेने ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मारहाण करणाऱ्याला मारहाणीबद्दल शिक्षा करा, रस्त्यावर धिंगाणा घालणाऱ्याला त्याबद्दल शिक्षा करा. जो मुकाट्याने पिऊन झोपतो त्याला गुन्हेगार ठरवून काय साधणार?

सखी_मूल

ब्रह्मपुरीकर भाऊ, आपण "स्वतःच्या पैशाने" असे लिहिले आहे म्हणून विचारते, तो पैसा कोणाचा असतो? रोवणीच्या हंगामात सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चिखलात वाकून रोवणी करणारी बाई संध्याकाळी मजुरी घेऊन येते, आणि ती तिच्या हातून घेतली जाते. धानाचा चुकारा नवऱ्याच्या खात्यात जमा होतो, कारण सातबारा त्याच्या नावावर आहे. आमच्या गटातल्या एका बाईच्या घरी रेशनचा तांदूळ पायलीने मोजून दुकानाशेजारच्या घरात दिला जात असे आणि त्याच्या बदल्यात पव्वा येत असे. तिला ते कळले तेव्हा महिना संपायला बराच अवकाश होता आणि डबा रिकामा होता.

बंदीच्या काळात दारू मिळत होती हे मला मान्य आहे, आम्हा बायकांना ते गुरुजींच्या आधी माहीत होते. पण फरक कशात पडला ते सांगते. तेव्हा पिणारा लपून पीत असे. घरी येऊन आवाज चढवला की शेजारीण म्हणू शकत होती, "पोलिसांना फोन करू का?" तो दबत असे, कारण दारू आणणे हाच गुन्हा होता. आता दुकान सरकारमान्य आहे. तक्रार घेऊन गेले तर ऐकावे लागते की, बाई, तो परवान्याच्या दुकानातून घेतो, आम्ही काय करणार? मारहाणीबद्दल शिक्षा करा, हे म्हणायला सोपे आहे. त्यासाठी बाईला नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यावी लागते, आणि तक्रार देऊन त्याच घरात रात्री परत जावे लागते.

चिमूरहून नागपूरच्या विधानसभेवर डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चालत गेल्या होत्या. त्या कुणाच्या स्वातंत्र्यावर घाला घालायला गेल्या नव्हत्या. आमच्या घरातली शांतता मागायला गेल्या होत्या.

नाक्यावरचा

सखीताईंशी शंभर टक्के सहमत. पण ताई, गावातली दारू बंद होऊन खर्रा (सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण) वाढला तर त्याचे काय?

निवृत्त_जवान_राउशु

मी राज्य उत्पादन शुल्क विभागात जवान म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. चंद्रपुरातील बंदीचा काळ मी नोकरीत असताना अनुभवला, त्यामुळे अंमलबजावणी म्हणजे प्रत्यक्षात काय असते ते लिहितो.

हातभट्टीवर धाड घालायची म्हणजे पहाटे निघावे लागते. गावाच्या तोंडाशी गाडी दिसली की पोरे शिट्टी मारतात, म्हणून गाडी लांब ठेवून धुऱ्याधुऱ्याने चालत जायचे. सडव्याचे प्लास्टिकचे ड्रम नाल्याच्या रेतीत गळ्यापर्यंत पुरलेले असतात, वर पळसाची पाने आणि रेती. लोखंडी सळई टोचत जावे लागते. रेतीत ती खसकन आत जाते, ड्रमच्या झाकणावर ठक्क आवाज येतो. उघडला की आंबलेल्या मोहफुलांचा आणि गुळाचा वास नाकात बसतो, तो दुपारच्या जेवणापर्यंत जात नाही. सडवा तिथेच सांडायचा, नमुना बाटलीत घ्यायचा, पंचनामा करायचा, दारूबंदी कायद्याचे कलम ६५ लावायचे. आरोपी बहुधा लवकरच जामिनावर सुटतो. नमुना प्रयोगशाळेकडे जातो, अहवाल सावकाश येतो, आणि खटला उभा राहतो तेव्हा पंच सांगतात की आमची सही कोऱ्या कागदावर घेतली होती. दोघेही त्याच गावचे असतात, एकाच विहिरीचे पाणी पितात. त्यांना मी दोष देत नाही.

हातभट्टीवाला हा यातला लहान मासा होता. खरा पैसा बाटलीबंद मालात होता. शेजारच्या यवतमाळ, नागपूर, भंडारा जिल्ह्यांत दुकाने उघडी आणि राजुऱ्याच्या बाजूला तेलंगणाची सीमा. एवढ्या वाटा आणि आमची माणसे मोजकी. माल कधी भाजीच्या गाडीत, कधी दुधाच्या कॅनमध्ये, एकदा तर शववाहिकेत सापडला होता. आणि हप्त्याविषयी काय लिहू? सगळेच घेत नव्हते, पण घेणारे होते, आणि घेणाऱ्यामुळे न घेणाऱ्याच्या धाडीची खबर आधी पोहोचत असे.

तरीही एक सांगतो, ब्रह्मपुरीकर साहेब. बंदीमुळे दारू वाढली, हे मला पटलेले नाही. मिळते आणि सहज मिळते यांत अंतर आहे. दुप्पट दाम मोजून, लपून, ओळख काढून दारू मिळवणारा हा आधीच सवयीत रुतलेला असतो. नव्या पोराला तेवढी यातायात जड जाते. दुकान शाळेच्या वाटेवर असले की तीच यातायात संपते.

वर्धेचा_वकील

कायद्याच्या बाजूने काही मुद्दे.

पहिली गोष्ट, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा कधीच रद्द झालेला नाही. कागदोपत्री आजही पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. दुकाने चालतात ती त्या कायद्याखाली दिलेल्या सवलतीने. या कायद्याला आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये औषधे व प्रसाधने यांविषयीच्या काही तरतुदी वगळता मुख्य ढाचा वैध ठरवला. दारूचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, हेही १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज निकालात स्पष्ट झाले आहे, आणि राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ राज्याला मद्यनिषेधाच्या दिशेने प्रयत्न करायला सांगतो. त्यामुळे ग्रामसभेला हा विषय हाताळण्याचा अधिकारच नाही, हे ब्रह्मपुरीकरांचे म्हणणे कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. नैतिक कसोटीवर ते टिकते का, हा वेगळा वाद आहे आणि तो मी क्षुल्लक मानत नाही.

दुसरी गोष्ट विषारी दारूची. ती बंदीमुळेच होते, असे सरसकट म्हणता येत नाही. मुंबईत बंदी नाही; तरी २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने बळी गेले, मालवणीत शंभराहून अधिक. दोन्हीकडे कारण तेच, कारखान्यासाठीचे मिथेनॉल दारूत मिसळले गेले. जिथे गरिबाला परवान्याची दारू परवडत नाही आणि मिथेनॉलवर लक्ष नाही, तिथे बंदी असो वा नसो, धोका आहेच. बंदी तो वाढवू शकते, हे मात्र खरे.

तिसरी गोष्ट आमच्या जिल्ह्याची. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून बंदी आहे, गांधीजींच्या आणि विनोबांच्या कर्मभूमीचा मान म्हणून. पुलगावहून नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, देवळीच्या पुढे नदी ओलांडली की यवतमाळ. संध्याकाळी पुलावरून जाणाऱ्या मोटारसायकली आणि रात्री परतणाऱ्या त्याच मोटारसायकली पाहिल्या म्हणजे केवळ मान राखण्यासाठी ठेवलेल्या बंदीची अवस्था कळते. मी वकील म्हणून रोज पाहतो की, या खटल्यांत आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असलेली व्यक्ती फार वेळा एखादी विधवा किंवा भूमिहीन मजूर असते. माल पुरवणारा तिथे क्वचितच दिसतो.

धानोऱ्याचा_मोह

वकीलसाहेबांनी शेवटी लिहिलेल्या वाक्यासाठी त्यांचे आभार. मी गोंड आहे आणि गडचिरोली जिल्ह्यात राहतो. आमच्याकडे जन्माला, लग्नाला, मरणाला, देवाला मोहाची दारू लागते. ती पेनाच्या, म्हणजे आमच्या देवाच्या, पुढे शिंपडली जाते, पाहुण्याला द्रोणात दिली जाते. चैत्रात पहाटे उठून मोहफूल वेचणारी माझी आजी दारू विकत नव्हती, तिच्यासाठी ते झाड अन्न होते, औषध होते आणि नगदी पीकही होते. शहरातला माणूस परमिट रूममध्ये बसून पितो तेव्हा ती जीवनशैली, आणि माझी आजी मडक्यात गाळते तेव्हा तो गुन्हा, हा न्याय आम्हाला समजत नाही.

अमरावतीकर_अण्णा

धानोऱ्याच्या भाऊंच्या भावना मी समजू शकतो. परंतु रीत आहे म्हणून दारू हवीच, हा युक्तिवाद आमच्या भागातही होता. गाडगेबाबांच्या वडिलांचा संसार दारूपायी धुळीला मिळाला होता. बाबांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण न देता गोडाचे जेवण घातले, आणि लोकांचा रोष पत्करला. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर तेच सांगत विदर्भ पालथा घातला. रीत माणसानेच घातलेली असते.

धानोऱ्याचा_मोह

अण्णा, गाडगेबाबांनी ते स्वतःच्या घरात केले. कुणी अधिकारी येऊन त्यांच्या अंगणातले मडके फोडून गेला नव्हता. माझे म्हणणे एवढेच आहे की, हा निर्णय आमचा असू द्या.

आणि आम्ही तो घेतो. पेसा कायद्याने, म्हणजे १९९६ च्या कायद्याने, अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांच्या विक्री-सेवनाचे नियमन करण्याचा अधिकार आहे. आमच्या बाजूच्या कितीतरी गावांनी पूजेपुरती मोहाची दारू चालेल, विकायची नाही, आणि बाहेरची बाटली गावात येऊ द्यायची नाही असे ठरवले आहे. विक्री करणाऱ्याला गाव दंड करते. तेंदूपत्त्याची मजुरी हातात पडते त्या दिवसांत बाहेरचे विक्रेते फळीवर (तेंदूपत्ता गोळा होतो तिथे) येऊन बसत, त्यांना बायकांनीच हाकलले. पोलीस आले नाहीत, तरी हे चालते. आणि ज्या गावात ग्रामसभा बसतच नाही तिथे पोलीस येऊनही चालत नाही. १९९३ ची बंदीदेखील मुंबईहून आयती आली नव्हती. त्याआधी काही वर्षे गावोगाव बैठका झाल्या होत्या, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपासून गावातल्या बायकांपर्यंत सगळे त्यात होते. आणि कायदा करून भागत नाही हे दिसले म्हणून तर २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी अभियान हाती घ्यावे लागले.

पुण्यातला_ब्रह्मपुरीकर

सखीताईंचा मुद्दा मी पुन्हा वाचला. दारू आणणे हाच गुन्हा असल्यामुळे बाईला घरात बळ मिळते, हे म्हणणे मला वजनदार वाटते. त्याला पुण्यात बसून सोपे उत्तर देणार नाही. तरी माझी शंका कायम आहे. ज्याला पिल्याशिवाय हात स्थिर ठेवता येत नाहीत, त्या माणसाचे दुकान बंद झाल्यावर काय होणार, याविषयी या धाग्यावर अजून एक ओळही आलेली नाही. बंदीचे समर्थक त्याचा विचार करतात का?

ग्रामीण_रुग्णालय

ब्रह्मपुरीकरांचा प्रश्न नेमका आहे आणि तो माझ्या कामाचा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे.

वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली, तर पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते. त्यानंतर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, काही रुग्णांना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, अंगावर साप चढतो आहे असे वाटते, घरच्यांना ओळखत नाहीत. हीच अवस्था पाहून घरचे लोक त्याला बाहेरची बाधा झाली म्हणून पुजाऱ्याकडे नेतात. माझ्याकडे असाच एक शेतमजूर आणला गेला, मनगटाला काळा दोरा, कपाळावर राख, अंग तापाने भाजत होते, आणि दोन्ही हात हवेत कापूस वेचावा तसे चालू होते. हा भ्रम जीवघेणा ठरू शकतो. मात्र वेळेत रुग्णालयात आणले तर यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत: ठरावीक मात्रेत शामक औषधे, जीवनसत्त्व बी-१ चे इंजेक्शन, पाणी आणि क्षारांची भरपाई, शांत खोली. बी-१ न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावणे अशा रुग्णाच्या मेंदूला अपायकारक ठरू शकते, म्हणून गावातल्या गावात सलाईन लावून घेऊ नये.

एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारूची दुकाने बंद असताना वणीत सॅनिटायझर पिऊन सात जणांचा मृत्यू झाला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ते लोक मौज करायला सॅनिटायझर प्यायले नव्हते. व्यसन हा आजार आहे, हे वाक्य आपण भाषणात म्हणतो, पण दुकान बंद करताना त्या आजाऱ्याची सोय करत नाही. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळाला होता. माझ्या मते या संपूर्ण वादातील सर्वांत महत्त्वाचा आकडा हा आहे. बंदी असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांत उरलेले ३७ जण तसेच राहतात.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. "रुग्णाला न सांगता जेवणात मिसळा, दारू सुटेल" अशा जाहिरातींची पुडी अनेक बायका नाइलाजाने आणतात. त्यांपैकी काहींत डायसल्फिराम असू शकते. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवही जातो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते. सखीताई, हे आपल्या गटात अवश्य सांगावे.

सखी_मूल

डॉक्टरसाहेब, आमच्या गटात दोघींनी अशी पुडी आणली आहे. आजच बोलते. आणि ज्या माणसाला आणायचे आहे तो येतच नाही, त्याचे काय करावे?

ग्रामीण_रुग्णालय

ताई, तो दारू सोडायला तयार नसला तरी झोप लागत नाही, जेवण जात नाही, पाय जळजळतात, यासाठी तो येतो. त्यासाठीच घेऊन या, पुढचे बोलणे आम्ही करू. शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे, घरातली बाईसुद्धा त्यावर सल्ला घेऊ शकते. फक्त बांधून ठेवणाऱ्या, मारहाण करणाऱ्या केंद्रात टाकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली दारू आणि मादक पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात, त्यामुळे असे केंद्र नोंदणीकृत आहे का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

पवनीचा_पोरगा

विषय दारूचा आहे, पण आमच्या तालुक्यात आता पोरांच्या हातात गांजा आहे. बाटली आडवी करून तिकडे वळतील असे काही जण म्हणतात. गांजावरची बंदी तर देशभर आहे, तरी तो मिळतोच. मग बंदीचा उपयोग काय?

वर्धेचा_वकील

गांजावर १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने बंदी आली; त्याआधी परवान्याची दुकाने होती. या कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाण आणि वीस किलोहून अधिक असल्यास व्यापारी प्रमाण मानला जातो, आणि व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. सेवनासाठीची शिक्षा वेगळी, सहा महिन्यांपर्यंतची. याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, उपचार घ्यायला स्वेच्छेने तयार झालेल्या व्यसनी व्यक्तीवरील सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला थांबू शकतो. माझ्या अनुभवात पोरांच्या बापांना हे कलम माहीत नसते, आणि फार वेळा त्यांच्या वकिलांनाही नसते.

पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता, म्हणजे दहा दिवस पुरेल एवढा, मादक पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले. विक्री मात्र गुन्हाच ठेवली, आणि पकडलेल्या माणसाला समुपदेशक-डॉक्टरांच्या मंडळापुढे उभे केले. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२१ पासून तसाच प्रयत्न केला. उपचाराची व्यवस्था उभी राहण्याआधीच शिक्षा काढली गेली, लोक वैतागले, आणि सप्टेंबर २०२४ पासून बाळगणे पुन्हा गुन्हा झाले. म्हणजे वर डॉक्टरांनी जे लिहिले तेच दोन्हीकडून सिद्ध होते. शिक्षा ठेवा किंवा काढा, उपचाराची जागा रिकामी असेल तर दोन्ही वाटा फसतात.

नाक्यावरचा

माझा खर्ऱ्याचा प्रश्न राहिला. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे. प्रत्येक पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटण्याचा आवाज सकाळी सातपासून चालू असतो, आणि आठवीतले पोरगे उधारीवर नेते.

निवृत्त_जवान_राउशु

त्याचे उत्तर अप्रिय आहे. दारू पिऊन माणूस बायकोला मारतो म्हणून दारूविरुद्ध मोर्चा निघतो. खर्रा खाऊन कोणी कोणाला मारत नाही, तोंड मात्र उघडेनासे होते, आणि ते एकट्याचेच होते. म्हणून मोर्चा निघत नाही. शिवाय खर्रा बायकाही खातात.

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. धागा वाचून काल बचत गटाच्या बैठकीत बोललो. निवेदन द्यायचे हे नक्की झाले. ब्रह्मपुरीकर, आपल्या शंकेमुळेच आम्ही मसुद्यात तीन गोष्टी एकत्र घातल्या आहेत: गावातील देशी दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांचे मतदान घ्यावे, दुकान बंद होण्याच्या आधीपासून ग्रामीण रुग्णालयाच्या मानसोपचार पथकाने ठरावीक वाराला गावात यावे, आणि गावात चोरून विकणाऱ्यावर कारवाई व्हावी, पण पिणाऱ्याला पकडून देऊ नये. तिसऱ्या मुद्द्यावर बैठकीत बराच वेळ गेला. काही बायकांना पिणाऱ्यालाही एक रात्र ठाण्यात बसवावे असे वाटत होते, आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या बायकांचा आवाज मोठा होता. शेवटी ज्यांचे स्वतःचे नवरे पितात त्यांनीच तो मुद्दा खोडला.

किराणा दुकानदारही बैठकीच्या दाराशी येऊन उभा होता. दुकान बंद झाले तर त्याच्या मागच्या खोलीला पुन्हा भाव येणार, हे त्याला कळते आणि बायकांनाही कळते. त्याच्या दुकानावर लक्ष ठेवण्यासाठी पाळ्या लावायच्या का, यावर अजून एकमत नाही. पंधरवड्याने धानाची मळणी आटोपेल, तेव्हा सह्या पूर्ण होतील. मसुदा कसा वाटतो?

पुण्यातला_ब्रह्मपुरीकर

दुसरा आणि तिसरा मुद्दा असल्यास मी विरोध करणार नाही. पहिला मुद्दा एकटाच असता तर केला असता.

वर्धेचा_वकील

गुरुजी, मसुद्यात थोडा बदल सुचवतो. तिन्ही मागण्या एका निवेदनात घालू नका. दुकान बंद करण्याची प्रक्रिया २००८ च्या आदेशाप्रमाणे चालते. गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, त्या पडताळल्या जातात, आणि मग गुप्त मतदान होते. त्या निवेदनात एवढीच मागणी असू द्या, म्हणजे त्रुटी काढायला वाव राहणार नाही. उपचार आणि चोरटी विक्री यांविषयी ग्रामसभेत स्वतंत्र ठराव घ्या. तो तालुका आरोग्य अधिकारी आणि पोलीस ठाणे या दोघांना पोच घेऊन द्या. दुकानदार परवाना दुसऱ्या गावी हलवण्यासाठी अर्ज करू शकतो, त्यामुळे शेजारच्या गावांनाही आत्ताच कळवून ठेवा.

सह्या मतदार यादीतील नावाप्रमाणे आणि अनुक्रमांकासह घ्या. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे माहेरच्या यादीत राहिलेली असतात, ती आधी तपासा. आणि मतदानाच्या तारखेकडे विशेष लक्ष द्या. बाटली आडवी होण्यासाठी यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, केवळ मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे गैरहजर राहिलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजल्यासारखी होते. आपल्या भागातील बायका संक्रांतीनंतर मिरची तोडायला तेलंगणात जातात, तारीख त्या महिन्यांत ढकलली जाऊ देऊ नका.

सखी_मूल

आमच्या वस्तीतल्या बायकांचा मुकादम यंदा लवकर नेणार आहे. सह्या या आठवड्यातच पूर्ण करतो.